प्रवासी मासे, परोपजीवी आणि क्रियापदाचा प्रश्न

परोपजीवी जीव ज्या प्राण्याच्या शरीरावर किंवा शरीरात वास्तव्य करतो, त्या पोषक प्राण्याचे वर्तन पुष्कळदा बदलते, ही गोष्ट प्राणिशास्त्रात आता वादाची राहिलेली नाही. लागण झालेला मासा निराळ्या खोलीवर पोहतो, भक्षकाला उशिरा बुजतो, प्रवासात मागे पडतो, किंवा समुद्रातून वेळेपूर्वीच नदीत परततो. वाद आहे तो या बदलाचे वर्णन कोणत्या शब्दांत करावयाचे याविषयी. वरवर पाहता हा केवळ भाषेचा प्रश्न वाटेल. परंतु वर्णनासाठी जे क्रियापद योजावे त्यातच कार्यकारणसंबंधाविषयीचे एक विधान गृहीत धरलेले असते, आणि ते विधान चुकले तर माशाच्या रक्षणासाठी योजावयाचा उपायही चुकतो. प्रस्तुत लेखात स्थलांतर करणाऱ्या माशांची काही उदाहरणे घेऊन हा प्रश्न तपासला आहे.

मराठी भाषेत या प्रश्नाची मांडणी विशेष स्पष्टपणे करता येते. ‘आई मुलाला चालविते’ या वाक्यातील क्रियापद प्रयोजक होय: क्रिया मूल करते, पण ती करावयास लावणारी आई असते. ‘आजाऱ्याला आता चालवत नाही’ या वाक्यातील क्रियापद शक्य क्रियापद होय: येथे करविता कोणीच नाही, केवळ कर्त्याच्या सामर्थ्याचा अभाव सांगितला आहे. दोन्ही ठिकाणी धातूला लागणारा प्रत्यय ‘व’ हाच आहे, पण अर्थ परस्परांपासून फार दूर आहेत. याखेरीज ‘मूल चालते’ हा साधा कर्तरी प्रयोग आहेच. परोपजीवीची लागण झालेल्या माशाचे वर्तन बदलते तेव्हा हे तीनही अर्थ संभवतात. परोपजीवी माशाकडून काही करवितो. किंवा माशाच्याने पूर्वीची क्रिया करवत नाही. किंवा लागण झाल्यावर मासा स्वतःच वेगळे काही करतो. पहिल्या प्रकारात लाभ परोपजीवीचा, दुसऱ्यात बहुधा कोणाचाच नाही, तिसऱ्यात माशाचा. निरीक्षकाला मात्र तीनही प्रकारांत दिसते ते एकच: मासा नेहमीसारखा वागत नाही.

१. प्रयोजक

परोपजीवी पोषकाच्या वर्तनात स्वतःच्या हिताचा फेरफार घडवून आणतो, या कल्पनेला होम्स आणि बेथेल यांच्या १९७२ मधील लेखाने व्यवस्थित रूप दिले. पुढे १९८२ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द एक्स्टेंडेड फीनोटाइप’ या ग्रंथात तिला सैद्धांतिक बैठक पुरविली. एखाद्या जीवाच्या जनुकांचा परिणाम त्याच्या स्वतःच्या देहापुरता मर्यादित नसून दुसऱ्या जीवाच्या वर्तनातही प्रकट होऊ शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही कल्पना आकर्षक असल्यामुळे लवकर पसरली आणि लागण झालेल्या प्राण्याच्या प्रत्येक विचित्र हालचालीत परोपजीवीचा हेतू पाहण्याची प्रवृत्ती वाढली. १९९५ मध्ये रॉबर्ट पूलँ यांनी या प्रवृत्तीला आवर घालणारा चिकित्सक लेख लिहिला. वर्तनातील बदलाला परोपजीवीचे अनुकूलन म्हणावयाचे असेल तर तो बदल गुंतागुंतीचा असावा. योगायोगाने घडणे असंभाव्य वाटावे इतका तो प्रयोजनाला साजेसा असावा. असंबद्ध वंशांत तो स्वतंत्रपणे उद्भवलेला असावा. आणि त्यामुळे परोपजीवीच्या पुढील पोषकापर्यंत पोहोचण्याच्या शक्यतेत प्रत्यक्ष वाढ झालेली दिसावी, अशा कसोट्या त्यांनी पुढे ठेवल्या.

या कसोट्यांचे महत्त्व त्रिकंटक काटेमाशाच्या, म्हणजे स्टिकलबॅकच्या, उदाहरणावरून ध्यानात येईल. या माशाच्या कित्येक समुदायांचे आयुष्य समुद्रात जाते व प्रजननासाठी ते गोड्या पाण्यात चढतात. कित्येक समुदाय गोड्या पाण्यातच स्थायिक झाले आहेत. गोड्या पाण्यात त्यांना शिस्टोसेफॅलस सॉलिडस या पट्टकृमीची लागण होते. कृमीचे तीन पोषक असतात. प्रथम तो कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यात वाढतो. तो प्राणी माशाने खाल्ला की माशाच्या उदरपोकळीत येतो. आणि मासा पक्ष्याने खाल्ला की पक्ष्याच्या आतड्यात त्याचे प्रजनन होते. माशाच्या पोटात हा कृमी एवढा वाढतो की कधीकधी त्याचे वजन माशाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाते. असा मासा धोक्याची चाहूल लागल्यावरही लपत नाही, पृष्ठभागाजवळ राहतो, आणि घाबरविल्यानंतर निरोगी माशापेक्षा लवकर पुन्हा खाऊ लागतो.

येथे ‘कृमी माशाला पक्ष्याच्या तोंडी देववितो’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु इतक्या मोठ्या कृमीला पोसणारा मासा भुकेलेला असणारच, आणि भुकेला प्राणी धोका पत्करतो हे सर्वसामान्य आहे. त्याची प्राणवायूची गरज वाढलेली असल्याने तो पृष्ठभागाकडे येईल हेही स्वाभाविक आहे. म्हणजे एवढ्या पुराव्यावर प्रयोजक क्रियापद योजता येत नाही. त्यासाठी वेळेचा पुरावा लागतो. माशातील कृमीचे वजन सुमारे ५० मिलिग्रॅम झाल्यानंतरच तो पक्ष्यात जगण्यास समर्थ होतो, आणि भीती कमी झाल्याची लक्षणेही मुख्यत्वे या टप्प्यानंतरच आढळतात. याहूनही निर्णायक पुरावा कृमीच्या पहिल्या पोषकात मिळतो. कोपेपॉडमधील डिंभ अपक्व असताना पोषकाची हालचाल मंदावते, आणि डिंभ माशात जाण्यास योग्य झाला की ती वाढते. भूक हे एकच कारण अशा परस्परविरुद्ध दिशांचे स्पष्टीकरण करू शकत नाही. २०१५ मध्ये हाफर आणि मिलिन्स्की यांनी एकाच कोपेपॉडमध्ये पक्व व अपक्व अशा दोन डिंभांची लागण घडवून पाहिली, तेव्हा पोषकाचे वर्तन पक्व डिंभाच्या हिताप्रमाणे झाले. या पहिल्या पोषकाच्या बाबतीत ‘करवितो’ हे क्रियापद सिद्ध झाले असे म्हणता येते. दुसऱ्या पोषकाच्या, म्हणजे माशाच्या, बाबतीत ते संभाव्य ठरते.

२. शक्य

आता ज्याचे सारे आयुष्य एका दीर्घ प्रवासाच्या दोन टोकांमध्ये बांधलेले आहे अशा माशाकडे वळू. युरोपीय ईल हा वाम माशासारखा सर्पाकार मासा युरोपच्या नद्यांत, तळ्यांत आणि खाड्यांत वर्षानुवर्षे वाढतो व अखेरीस रुपेरी रूप धारण करून अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्राकडे निघतो. त्याचे जन्मस्थान तेथे आहे, हे योहानेस श्मिट यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी लहानात लहान डिंभ कोठे सापडतात याचा माग काढून ठरविले होते. प्रौढ ईल तेथे पोहोचतात याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र २०२२ मध्ये, अझोर्स बेटांपासून खूणयंत्रे लावून सोडलेल्या माशांवरून, प्रथम प्रसिद्ध झाला. युरोपच्या किनाऱ्यापासून हा प्रवास ५,००० ते ६,००० किलोमीटरांचा आहे. या काळात मासा काही खात नाही. अंगातील चरबीवरच त्याला प्रवासही करावयाचा असतो व प्रजननाची तयारीही. महासागरात तो रात्री काही शे मीटर खोलीवर असतो आणि दिवसा त्याहून कित्येक शे मीटर खाली उतरतो. दररोजच्या या चढउतारात शरीराचा तोल व तरंगण्याची क्षमता राखण्याचे काम वाताशय, म्हणजे पोटातील हवेची पिशवी, करते.

नेमक्या याच अवयवात अँग्विलिकोला क्रॅसस हा सूत्रकृमी राहतो. तो मूळचा पूर्व आशियातील जपानी ईलचा परोपजीवी होय. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये झाले. जिवंत ईलच्या व्यापाराबरोबर तो युरोपात आला. १९८२ मध्ये जर्मनीत त्याची प्रथम नोंद झाली आणि थोड्याच वर्षांत तो युरोपच्या बहुतेक भागांत पसरला. डिंभयुक्त अंडी माशाच्या आतड्यावाटे पाण्यात जातात, डिंभ कोपेपॉडच्या पोटात जातात, आणि तो कोपेपॉड किंवा त्याला खाल्लेला लहान मासा ईलने गिळला की आतड्याची भित्ती भेदून ते वाताशयात शिरतात व तेथे रक्त शोषून वाढतात. जपानी ईलच्या देहात पुष्कळसे डिंभ वेष्टित होऊन मरतात. युरोपीय ईलचा या परोपजीवीशी पूर्वपरिचय नसल्यामुळे त्याचा प्रतिकार दुबळा ठरतो. वारंवार लागण झाली की वाताशयाची भित्ती जाड व ताठर होते आणि त्यातील वायूमध्ये प्राणवायूचे प्रमाण घटते.

२००७ मध्ये नेदरलँड्समधील पाल्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम प्रवाहाच्या नळीत रुपेरी ईल पोहावयास लावून त्यांचा वेग व प्राणवायूचा खर्च मोजला. लागण झालेल्या माशांचा वेग कमी भरला आणि तेवढेच अंतर काटण्यास त्यांना अधिक ऊर्जा खर्चावी लागली. ज्यांच्या वाताशयात आता कृमी उरले नव्हते पण पूर्वीच्या लागणीने तो निकामी झाला होता, त्यांचीही अवस्था तशीच आढळली. हा दुसरा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. कृमी गेल्यावरही वर्तनाचा दोष कायम राहत असेल, तर त्या वर्तनाचा करविता कृमी आहे असे म्हणता येत नाही. शिवाय मासा मंदावल्याने कृमीचा लाभ काय? त्याच्या डिंभांना गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यातील कोपेपॉड हवे असतात. खोल महासागरात त्यांच्यासाठी पुढचा पोषक नाही. पोषकाबरोबर परोपजीवीचा वंशही तेथे खुंटतो. म्हणून येथे योग्य क्रियापद शक्य हेच होय: ईलच्याने पोहवत नाही.

३. कर्तरी

तिसरा प्रकार समुद्री ट्राउटमध्ये पाहावयास मिळतो. हा मासा नदीत जन्मतो, वसंत ऋतूत समुद्रात उतरतो, आणि तेथील विपुल अन्नावर उन्हाळाभर वाढून मग नदीकडे परततो. १९८९ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर निराळेच दृश्य दिसले. नुकतेच समुद्रात गेलेले कोवळे मासे मे महिन्यातच, कृश अवस्थेत, अंगभर उवा घेऊन नदीमुखाशी परत आले. पुढे नॉर्वेतही असेच प्रकार नोंदले गेले. सामन-ऊ, म्हणजे लेपिऑफ्थायरस सॅल्मोनिस, ही वास्तविक कीटक नसून कोपेपॉडांच्याच कुळातील आहे. ती माशाच्या अंगावरील श्लेष्मा, त्वचा व रक्त यांवर जगते. माशाच्या देहातील द्रवापेक्षा समुद्राचे पाणी अधिक खारट असल्याने त्वचेला जखमा झाल्या की देहातील पाणी तर्षणाने बाहेर ओढले जाते, आणि मासा पाण्यात राहूनही शुष्क होऊ लागतो.

केवळ निरीक्षणावरून उवा व परतणे यांचा संबंध निश्चित होत नाही, कारण अशक्त मासे लवकर परततात आणि अशक्त माशांवरच उवा अधिक बसतात असेही असू शकेल. म्हणून नॉर्वेतील बिर्केलांड आणि याकोबसेन यांनी कोवळ्या ट्राउट माशांवर हेतुपुरस्सर उवांची लागण करून, उवा नसलेल्या माशांसह त्यांना समुद्रात सोडले. लागण झालेले मासे लवकर नदीकडे वळले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामुळे कारण कोणते व कार्य कोणते हे ठरले. गोड्या पाण्यात सामन-ऊ फार काळ टिकत नाही. काही दिवसांत किंवा दोनतीन आठवड्यांत ती गळून पडते. म्हणजे परतण्याने हानी होते ती परोपजीवीची. हे ‘करविणे’ नव्हे, आणि केवळ अशक्तपणाही नव्हे. हा माशाने केलेला उपाय आहे. उवांपासून सुटका हा त्याचा मुख्य लाभ की देहातील पाणी जाण्याचे थांबणे हा, हे दोन परिणाम एकत्रच घडत असल्याने वेगळे काढणे अवघड आहे. परंतु दोन्ही परिणाम माशाच्याच हिताचे आहेत. स्थलांतराची प्रवृत्तीच मुळात अंशतः अशा रोगमुक्तीच्या लाभामुळे क्रमविकासात टिकली असावी, असा सिद्धान्त शॉ आणि बिनिंग यांनी २०१६ मध्ये गणिती प्रतिरूपाच्या आधारे मांडला आहे.

तथापि उपायाची किंमत मोठी असते. नदीत अन्न थोडे असते. समुद्रातील वाढीचा मोसम हुकतो. आणि खुरटलेल्या मादीला अंडी कमी होतात. म्हणून परतलेला मासा जिवंत दिसतो एवढ्यावर समाधान मानणे बरोबर नाही.

४. उलटा क्रम

वरील तीन प्रकारांत एक गोष्ट समान आहे: प्रथम लागण, नंतर वर्तनातील बदल. प्रत्येक वेळी असेच असते असे नाही. कॅनडातील फ्रेझर नदीत प्रजननासाठी येणाऱ्या तांबड्या सामन माशांपैकी मोसमाच्या अखेरीस येणारे समुदाय पूर्वी नदीमुखाबाहेर, जॉर्जिया सामुद्रधुनीत, तीन ते सहा आठवडे थांबून मग नदीत शिरत असत. १९९५ च्या सुमारापासून ते न थांबता शिरू लागले, आणि प्रजननापूर्वीच मरू लागले. काही वर्षी मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर गेले. मेलेल्या माशांच्या वृक्कांत पार्व्हिकॅप्सुला मिनिबायकॉर्निस हा सूक्ष्म परोपजीवी मोठ्या संख्येने आढळला. १९९७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले होते. सहजच शंका आली की हाच परोपजीवी माशांना घाईने नदीत आणवीत असावा.

परंतु या परोपजीवीची लागण नदीच्या मुखाशी व खालच्या पात्रात होते, म्हणजे मासे थांबावयाचे सोडून आत शिरल्यानंतर. कारण कार्याच्या आधी असले पाहिजे. येथे ते नंतर येते. उलट, लवकर शिरल्यामुळे माशांना उन्हाळ्याच्या उबदार पाण्यात अधिक दिवस राहावे लागते, आणि परोपजीवीची वाढ तापमान व दिवस या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने तो प्रजननापूर्वीच घातक अवस्थेस पोहोचतो. येथे परोपजीवीने वर्तन बदलले नाही. बदललेल्या वर्तनाने परोपजीवीला संधी दिली. वाक्यातील कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करावी लागते असे हे उदाहरण आहे.

५. पद्धतीविषयी

या चार उदाहरणांवरून संशोधकाने कोणते क्रियापद केव्हा योजावे याचे काही नियम निघतात. लागण वर्तनापूर्वी झाली की नंतर, हे प्रथम ठरवावे. लागण यदृच्छेने झालेली आहे की प्रयोगात घडविलेली, हे सांगावे. निसर्गात पकडलेल्या लागणग्रस्त माशांवरून निष्कर्ष काढताना, जाळ्यात सहज सापडतात ते मासे आधीच दुर्बल असू शकतात हे विसरू नये. परोपजीवी काढून टाकल्यावर वर्तन पूर्ववत् होते का, हे पाहावे. ईलच्या बाबतीत याच प्रश्नाने निर्णय झाला. बदललेल्या वर्तनाचा लाभ कोणाला, हे मोजावे, गृहीत धरू नये. आणि परोपजीवीच्या वाढीच्या टप्प्यांप्रमाणे बदलाची दिशा पालटते का, हे तपासावे. एवढे होईपर्यंत ‘वर्तनबदल’ हा तटस्थ शब्दच पुरेसा आहे. इंग्रजी ‘मॅनिप्युलेशन’साठी मराठीत ‘फेरफार’, ‘चालना’ असे जे शब्द सुचविले जातात, त्या सर्वांत करवित्याचा हेतू डोकावतो. म्हणून सिद्ध झालेल्या प्रकारांपुरतेच ते राखून ठेवणे इष्ट.

हा केवळ परिभाषेचा काटेकोरपणा नव्हे. नॉर्वेत २०१७ पासून सामन-शेतीच्या वाढीस परवानगी देताना, किनाऱ्याच्या तेरा विभागांत उवांमुळे वन्य सामनच्या पिलांचा किती मृत्यू होतो याचा अंदाज प्रमाण मानला जातो. पण समुद्री ट्राउटचे नुकसान मृत्यूपेक्षा वाया गेलेल्या मोसमात अधिक असू शकते. परतलेला मासा मेलेल्यांत मोजला जात नाही. ईलची गोष्ट याहून गंभीर आहे. युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या त्याच्या पिलांची संख्या १९८० च्या सुमारास घटू लागली आणि उत्तर समुद्राच्या परिसरात ती १९६० ते १९७९ या काळातील सरासरीच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास आली. २००८ मध्ये या माशाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. घसरणीचा आरंभ कृमीच्या आगमनापूर्वीचा असल्याने तिचे मूळ कारण कृमी नव्हे; धरणे, मासेमारी, प्रदूषण आणि महासागरातील बदल यांचा विचार करावाच लागतो. परंतु युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाने ठेवलेले उद्दिष्ट असे आहे की, मानवी हस्तक्षेप नसता तर जेवढ्या वजनाचे रुपेरी ईल समुद्रात गेले असते, त्याच्या किमान ४० टक्के तरी समुद्रात जावेत. हे माप नदी सोडणाऱ्या माशांचे आहे, सारगासोला पोहोचणाऱ्यांचे नाही. ज्याचा वाताशय निकामी झाला आहे असा ईलही त्या वजनात धरला जातो.

‘मासा गेला’ आणि ‘माशाच्याने जाववेल’ या दोन वाक्यांत व्याकरणाने जो भेद केला आहे, तोच येथे गणनेत करावयास हवा. नदीमुखाशी ईलचे वजन करताना त्यांच्यापैकी काहींचे वाताशय तपासून, प्रवासास समर्थ असे किती, हा आकडा वेगळा देणे शक्य आहे. तो दिल्याशिवाय उद्दिष्ट गाठले गेले असे जाहीर करणे म्हणजे शक्य क्रियापदाच्या जागी कर्तरी क्रियापद लिहिणे होय.